टाऊन हॉलमध्ये सगळ्यांसमोर डायरेक्टरला विचारू का? (कुपवाड एमआयडीसी)

मशीनशॉपवाला
नमस्कार मंडळी. कंपनीचं नाव सांगत नाही, कुपवाड एमआयडीसीत आहे, मी मशीन शॉपला सुपरवायझर. येत्या शनिवारी पुण्याहून डायरेक्टर येणारेत, कँटीनच्या शेडमध्ये खुर्च्या टाकून टाऊन हॉल, म्हणजे अख्ख्या कंपनीची मीटिंग. दरवेळी तेच, आधी स्लाईड, रेकॉर्ड डिस्पॅच, आपण सगळे एक फॅमिली, मग भडंगाची पाकिटं आणि चला घरी. आता मुद्दा असा की दिवाळीपासनं ऑपरेटर लोकांचा ओव्हरटाईम बंद केलाय, म्हणजे काम बंद नाही हां, पैसे बंद. पाचला घरी गेल्याचं पंच करून यायचं आणि परत मशीनवर, साडेसात-आठपर्यंत. बदल्यात कॉम्प ऑफ, म्हणजे पैशाऐवजी सुट्टी, आणि तो मागायला गेलं की "डिस्पॅच होऊ दे मग घे". मस्टरवर त्या तासांचा पत्ताच नाही. प्लांट हेडना बोलून झालंय, बघू म्हणाले आणि ते बघतायतच अजून. आता डोक्यात असं बसलंय की शनिवारी माईक फिरत आला की उभं राहायचं आणि डायरेक्टरसमोरच विचारायचं, साहेब फॅमिलीतल्या माणसाला पाचनंतर फुकट राबवतात का. अख्खं शॉप म्हणतंय तू बोल, आम्ही मागं आहे. वाक्य पाठ झालंय, आंघोळ करताना रोज म्हणतो 😀 बायको म्हणते गप बसा, होम लोन चालू आहे. काय करू?

मिरज_जंक्शन
भावा, हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय तुला. मी साताऱ्याला एमआयडीसीत होतो तेव्हाचं सांगतो, एकानं कँटीनच्या जेवणावरनं असाच माईक घेतला. चांगला बोलत होता गडी. मग मागं वळून म्हणाला "काय रे, बरोबर हाय का न्हाय?" अख्खी रांग आपापल्या सेफ्टी शूजकडं बघाय लागली. एक जण तर लेस बांधाय खाली वाकला आणि वर आलाच नाही. त्याला काढलं वगैरे नाही बरं का, कोण काढतंय, नुसती कायम थर्ड शिफ्ट लावली, वर्षभरात त्यानंच पेपर टाकला. जेवण तेच राहिलं.

विश्रामबागकर_एचआर
मी एचआरमध्येच आहे (दुसऱ्या कंपनीत, शिव्या नकोत). ओव्हरटाईमबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आठवड्याला ४८ तासांच्या वर काम झालं की दुप्पट दरानं पैसे हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टपासनं आहे आणि नव्या लेबर कोडमध्ये पण दुप्पटच आहे. कॉम्प ऑफ दिला म्हणून ते पैसे फिटत नाहीत. पण एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसेल. काम सुपरवायझरी आणि पगार १८,००० च्या वर असेल तर नवा इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड तुम्हाला वर्कर धरतच नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी तुम्ही उठणार त्यांना कायद्याचा थोडाफार आडोसा आहे, तुम्हाला जवळपास फक्त अपॉइंटमेंट लेटरमधल्या नोटीस पिरियडचा. आणि दुसरं, रागवू नका, पाचला पंच करून या हे ऑपरेटरला रोज तोंडानं सांगतं कोण? प्लांट हेड तर शॉपवर येऊन सांगत नसणार. उद्या चौकशी लागली तर पहिलं नाव कुणाचं निघेल ते बघा.
२० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती लागते, त्यात कामगारांचे पण निम्मे प्रतिनिधी असतात. तुमच्याकडं आहे का विचारा. बऱ्याच ठिकाणी फक्त नोटीस बोर्डवर असते.

कृष्णाकाठचा
सगळे गप बस म्हणतायत म्हणून मी उलटं लिहितो. पुण्यात बसणाऱ्या माणसाला पाचच्या पंचिंगचं माहीतच नसेल अशी दाट शक्यता आहे, त्याच्यापर्यंत फक्त डिस्पॅचचा आकडा जातो. एकांतात प्लांट हेडकडं गेलास तर ते तिथंच जिरणार, ते तू बघितलंयसच. पण ते फॅमिलीचं वाक्य फेकून दे, तो टोमणा आहे, टाळ्या पडतील आणि साहेबाला चार लोकांसमोर मागं हटता येणार नाही, मग विषय ओव्हरटाईम राहत नाही, तुझी जीभ हा विषय होतो.
त्यापेक्षा एकच बघ. संध्याकाळी सात वाजता मशीनच्या फिरत्या चकमध्ये कुणाचा हात गेला, तर रेकॉर्डवर तो माणूस पाचलाच घरी गेलाय. ईएसआयला (कामगार विम्याला) कामावरचा अपघात म्हणून कागद करायचा झाला तर कुठल्या तोंडानं करणार? वाचवायला खाडाखोड करावी लागेल आणि ती कोण करणार, परत तूच. हे डायरेक्टरला ओरडून सांगायची पण गरज नाही. शनिवारच्या आधी प्लांट हेडला लेखी दे, सेफ्टीचा मुद्दा म्हणून, पैशाचा उल्लेख दुसऱ्या पॅऱ्यात. लेखी आलं की त्याला पण ते अंगावर ठेवायचं नसतं. नाहीच हलला तर शनिवारी माईक घे आणि एवढंच विचार, पाचनंतर थांबणाऱ्या लोकांची हजेरी कुठं लागते? बसून घे.

मिरज_जंक्शन
@कृष्णाकाठचा हे पटलं. पण बसून घे म्हणणं सोपं आहे, माईक हातात आल्यावर आमच्याकडची माणसं बसत नसतात 😂

मशीनशॉपवाला
एचआर साहेब, तोंडानं मीच सांगतो हे खरंय, रात्रभर तेच डोक्यात होतं. मेल लिहायला घेतलाय, हाताचं उदाहरण पहिल्याच ओळीत टाकलंय. खाली ऑपरेटरपैकी चार-पाच जणांच्या सह्यांचा कागद जोडावा म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत विचारलं. एक जण म्हणाला गणपतीनंतर बघू. एक म्हणाला तू पुढं हो, आम्ही हायच. एक वेल्डिंगवाला पोरगा मात्र पेन मागून घेऊन पहिली सही करून गेला, ज्याच्याकडनं अपेक्षाच नव्हती. आता विचारायचं एवढंच, हा मेल माझ्या पर्सनल आयडीला पण पाठवून ठेवू का पुरावा म्हणून?

विश्रामबागकर_एचआर
नको. कंपनीचं मटेरियल बाहेर पाठवलं म्हणून त्यावरच धरतील, मूळ मुद्दा राहील बाजूला. घरी साध्या वहीत तारीख, मशीन नंबर, कोण किती वाजेपर्यंत थांबलं एवढं रोजच्या रोज लिहा, स्वतःच्या अक्षरात. आणि त्या पोराला सांगा कागदाची झेरॉक्स स्वतःकडं ठेव म्हणून.