महिना १,१०,००० हातात: आधी कर्ज फेडावं, बचत करावी की दान सुरू करावं?

ऐरोलीकर
दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,१०,०००. घराचा हप्ता ३६,०००, घरखर्च ४५,०००, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) १०,०००. क्रेडिट कार्डावर ६०,००० थकलेत. कर नव्या पद्धतीने भरतो. पगाराचा दहावा भाग दरमहा दान द्यायची इच्छा आहे. आत्ताच सुरू करावं की आधी पैसा जमवावा? आणखी एक : मावसभाऊ पतसंस्थेच्या ५ लाखांच्या कर्जाला जामीन राहा म्हणतोय. मदत म्हणून सही करावी का?

जमाखर्च_ठाणे
आधी कार्ड मिटवा. महिना साडेतीन टक्के धरले तर ६०,००० वर २,१०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. म्हणजे ३,००० भरलेत तर मुद्दल उतरतं फक्त ५२२ रुपयांनी. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. तेव्हा कार्ड कपाटात ठेवा, एसआयपी तीन महिने थांबवा (बंद करू नका, थांबवायची सोय असते) आणि शिल्लक २९,००० मधले २७,००० दरमहा कार्डात भरा. तिसऱ्या महिन्यात मिटेल.

उरलेले २,००० दानाचे. कर्ज असतानाही ते थांबवू नका असं माझं ठाम मत आहे. 'जमलं की देऊ' म्हणणाऱ्याचं जमणं पुढेच सरकत राहतं.

त्यानंतर अडीअडचणीचा पैसा. हप्ता आणि घरखर्च मिळून ८१,०००, सहा महिन्यांचे ४,८६,०००. हे दोन बँकांत विभागून ठेवा. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच आहे आणि त्यात व्याजही धरलं जातं, म्हणून सगळं एकाच बँकेत ठेवलंत तर वर्षभरात मर्यादा ओलांडू शकते. सहकारी बँकांना हा विमा आहे, पतसंस्थांना नाही. दर जास्त दिसतो म्हणून हा पैसा तिथे नेऊ नका.

एसआयपी दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवा. परतावा १० टक्के धरला तर १०,००० ची तीच एसआयपी २० वर्षांत साधारण ७६ लाख होते. वाढवत नेलीत तर जवळपास दुप्पट. परताव्याची हमी कुणीच देत नाही, हा फक्त हिशोब आहे.

नौपाडाकर
जामिनाबद्दल सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे चांगली माणसं इथेच अडकतात. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते. त्यात जामीनदाराचंही नाव येतं आणि पुढे पगारावर, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. भाऊ कितीही सज्जन असो, त्याची नोकरी गेली तर ५ लाख तुमच्या घरातून जातील.

सही करण्याऐवजी कार्ड मिटल्यावर १०-२० हजार देऊन टाका आणि परत मागू नका. 'उसने' म्हणून दिलेत तर पैसाही जातो, नातंही. नकार आत्ताच द्या, फोनवर नको, घरी जाऊन.

दानाची टक्केवारी : कार्ड मिटलं की ५ टक्के, म्हणजे ५,५००. अडीअडचणीचा पैसा पुरा झाला की पगारवाढीबरोबर एकेक टक्का वाढवत दहावर न्या. वेगळं बचत खातं काढा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी तिथे आपोआप वळते करा. मंडळाची वर्गणी मात्र घरखर्चात धरा.

ऐरोलीकर
धन्यवाद, भावाला रविवारी भेटतो. नव्या करपद्धतीत ८०जी ची, म्हणजे दानावरची करसवलत नाही ना? मग पावती वगैरे बघायची काय गरज?

खारघर_से_१२
बरोबर, ती जुन्या पद्धतीतच मिळते. तिथेही बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्मीच वजावट असते आणि २,००० च्या वर रोख दिलेलं धरत नाहीत. वीस टक्क्यांच्या टप्प्यात ४०,००० दिलेत तर उपकरासकट ४,१६० वाचतात. तेवढ्यासाठी करपद्धत बदलू नका.

पावती मात्र हवीच, ती हिशोबासाठी. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, पॅन, संस्थेच्या नावाचं बँक खातं बघा. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागितले तर देऊ नका. मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागा. चांगल्या संस्था आनंदाने देतात. दहा ठिकाणी ५०० देण्यापेक्षा एकाच संस्थेला दरमहा ठरलेली रक्कम द्या, म्हणजे त्यांना पगार, औषधं यांचं नियोजन करता येतं.

आजारपणासाठी कुणी मदत मागितली तर पैसे काढण्याआधी रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं आहे का ते विचारा. राज्यातल्या अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटायचं, तेही दाखल होतानाच. बिल तयार झाल्यावर गेलं की टाळाटाळ होते. कागद गोळा करायला, रांगेत उभं राहायला नातेवाईकांबरोबर कुणी जाणतं माणूस लागतं. तुमचा अर्धा दिवस तिथे ५,५०० पेक्षा जास्त कामाला येईल. तरीही बिल उरलं तर रक्कम रुग्णालयाच्या खात्यात भरा, रुग्णाचा नोंदणी क्रमांक लिहून.