झोन मेला नाही, ताणला गेला

तीन गुणांच्या रेषेने (जिच्याबाहेरून टाकलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात) अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधला झोन, म्हणजे खेळाडूऐवजी जागा राखायचा बचाव, संपवला, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. १९८६-८७ मध्ये ती रेषा सगळीकडे आली, पण सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्रशिक्षक जिम बोहाइम यांनी २-३ झोन (पुढे दोन, मागे तीन खेळाडू) सोडला नाही, पसरवला. उंच, लांब हातांचे खेळाडू निवडले आणि मागच्या फळीतले दोन फॉरवर्ड थेट बाहेरच्या नेमबाजांवर धावू लागले. २००३ची कॉलेज स्पर्धेची फायनल आठवा: कॅन्ससविरुद्ध शेवटच्या क्षणी सिरॅक्यूजच्या हकीम वॉरिकने झेप घेऊन कोपऱ्यातला तीन गुणांचा शॉट अडवला! ८१-७८ने विजेतेपद. माझ्या मते झोनचं सगळं सार त्या एका झेपेत आहे. २०१३ मध्ये याच झोनने मार्केट (Marquette) विद्यापीठाच्या संघाला अख्ख्या सामन्यात ३९ गुणांवर रोखलं.

झोनची खरी दुखरी जागा मधे आहे, बास्केटसमोरच्या फ्री थ्रो रेषेपाशी. तिथे चांगला पासर उभा राहिला की मधल्या खेळाडूला पुढे यावंच लागतं, आणि पाठीमागे बास्केट उघडी पडते.

२०१५-१६ पासून शॉट क्लॉक, म्हणजे बास्केटकडे शॉट मारायला मिळणारा वेळ, ३५ऐवजी ३० सेकंदांचं झालं, ते मात्र झोनच्या पथ्यावरच पडलं. फट शोधायला वेळच कमी उरतो. पूर्णवेळ झोन आता क्वचित दिसतो, पण म्हणूनच मधेच दोन-चार पझेशन (समोरच्याकडे चेंडू असतानाच्या खेळी) झोन लावून समोरच्याची लय मोडणारे प्रशिक्षक भरपूर आहेत.