शाळेला अचानक सुट्टी आणि घरी दुसरं कोणी नाही: त्या दिवशी मूल कुठे होतं?

पन्हळ

८ जुलै २०२४, सोमवार. रात्री एक ते सकाळी सात एवढ्या वेळात मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. सकाळच्या सत्राला सुट्टी, हा मेसेज आला तेव्हा मी मुलाला रेनकोट चढवून, डबा-बाटली देऊन, खाली व्हॅनची वाट बघत उभी होते. मुलगा सात वर्षांचा. घरात आम्ही दोघंच.

मी बँकेत कॅशला बसते. तिजोरी उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक अधिकाऱ्याकडे आणि एक माझ्याकडे. ती किल्ली त्या सकाळी माझ्या पर्समध्ये होती. मी गेले नाही तर शाखेत एक रुपया हलणार नाही. पाळणाघरवाल्या ताईंच्या घरात पाणी शिरलेलं. बहीण नाशिकला. शेवटी रिक्षा, मग बस, मग गुडघाभर पाण्यातून त्याला कडेवर घेऊन शाखेत पोचले. कॅशच्या केबिनमध्ये त्याला आणता येत नाही. आमच्या शिपाईमामांनी त्याला पासबुक छापायच्या मशीनशेजारी आपल्या खुर्चीवर बसवलं, ओले मोजे काढून पंख्याखाली वाळत घातले आणि स्वतः दिवसभर उभे राहिले. काचेतून मला फक्त त्याचे पाय दिसत होते, नोटा मोजताना मी ते पाय बघत होते. संध्याकाळी साहेब म्हणाले, आजचं ठीक आहे, पायंडा पडायला नको.

सुट्टी द्यायला नको होती असं माझं अजिबात म्हणणं नाही. पोरं पाण्यात अडकण्यापेक्षा सुट्टी केव्हाही बरी. पण मेसेजच्या शेवटी असतं, ‘पाल्यास घरीच ठेवावे.’ घरी कोणाजवळ? सुट्टी जाहीर करणाऱ्याच्या मनात प्रत्येक घरात एक रिकामं मोठं माणूस बसलेलंच असतं. माझ्या घरी ते नाही. अनेकांच्या घरी नसतं.

म्हणून हा धागा. जोडीदार गेला, वेगळे झालात, मूल एकट्याने दत्तक घेतलंत, कसंही असो. पाऊस, कोरोना, संप, कशानेही शाळा बंद झाली, त्या दिवशी मूल कुणाजवळ होतं ते लिहा. सल्ले नकोत. शाळेची, कंपनीची नावं नकोत.

रातपाळी

पन्हळ, काचेतून दिसणारे पाय वाचून डोळे भरून आले.

मी नर्स. राहायला कल्याण, ड्यूटी परळला. मार्च २०२० च्या मध्यावर शाळा बंद झाल्या, त्याच आठवड्यात पाळणाघरही. २२ मार्चनंतर लोकल थांबली. आई साताऱ्याकडे, जिल्हाबंदीमुळे येऊ शकत नव्हती. मुलगी सहा वर्षांची. अत्यावश्यक सेवेच्या एसटीसाठी पहाटे साडेचारला घर सोडावं लागे. झोपलेल्या सहा वर्षांच्या पोरीला कुलूप लावून जाऊ?

समोरच्या काकूंनी दार वाजवलं. वय ६४, मधुमेह. म्हणाल्या, “तिचे कपडे आण, ती आता माझ्याकडे राहील.” मी नाही म्हणत होते, कारण वॉर्डातून मी काय घेऊन येईन याची मलाच धास्ती. मग आम्ही ठरवलं, ती तिकडे राहील, मी माझ्या घरात, आणि मधला पॅसेज कोणी ओलांडायचा नाही. ४१ दिवस तसे काढले. रात्री दोन्ही लाकडी दारं उघडी, सेफ्टी डोअरच्या जाळ्या बंद. ती तिच्या जाळीआड ताट घेऊन बसे, मी माझ्या. एप्रिलमध्ये तिचा पहिला दात पडला. तळहातावर ठेवून जाळीला लावून दाखवला तिने. सहा फुटांवर होता तो दात, आणि मला हात लावता आला नाही.

सोसायटीतल्या काहींनी काकूंना ऐकवलं की हॉस्पिटलवालीच्या पोरीला ठेवू नका. काकूंनी त्यांना काय उत्तर दिलं ते मला आजवर सांगितलेलं नाही. १५ जूनपासून आमच्यासाठी लोकल सुरू झाली आणि मी निदान दिवसाउजेडी घरी यायला लागले.

काकू मागच्या वर्षी गेल्या. मुलीने बारा दिवस त्यांच्या घरात दिवा लावला.

बोरबन

मी आशा सेविका आहे. लातूर जिल्हा. मालक वारले तेव्हा मुलगी पोटात होती. कोरोना आला तेव्हा पोरगं सहावीला, पोरगी अंगणवाडीत.

शाळा बंद, अंगणवाडी बंद, आणि आमचं काम दुप्पट. पुण्या-मुंबईहून आलेल्यांच्या याद्या करायच्या, चौदा दिवस रोज विचारपूस करायची. त्यांना ठेवलं होतं गावच्या जिल्हा परिषद शाळेतच. पोरगं जिथं बसून शिकायचं त्या वर्गाच्या खिडकीतून मी लोकांना ताप विचारायची.

सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ सुरू झालं. हातात ऑक्सिमीटर, ताप बघायची गन. पोरीला ठेवायचं कुठं? सोबत घेतली. दारात मी बोलायची, ती बाहेर लिंबाखाली बसायची. तपासून झालेल्या घराच्या भिंतीवर खडूनं आकडा टाकावा लागतो. एक दिवस तीच म्हणाली मी टाकते. मग मी सांगायची अन् ती लिहायची. पाच उलटा काढायची. अजून आमच्या गल्लीत दोन-तीन भिंतींवर तो उलटा पाच आहे.

मोबाईल एकच, तो दिवसभर माझ्याकडं. गुरुजी अभ्यास सकाळी टाकायचे, पोराला तो रात्री आठनंतर दिसायचा. पोरगं दिवसभर एकटं घरी, बकरी बघायचं, भात टाकायचं. शाळेतून खिचडीऐवजी तांदूळ-डाळ घरी मिळायची, तिचा लई आधार झाला. २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले. दहा महिन्यांनी दप्तर काढलं तर ते त्याच्या पाठीला लहान झालेलं.

पोरीची अंगणवाडी मात्र उघडता उघडता ती पहिलीच्या वयाची झाली.

यॉर्कशायरकर

इंग्लंडमधला अनुभव थोडक्यात, कारण इथे मला बरंच सोपं गेलं आणि ते सांगायलाच हवं. मी एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे, मुलगा तेव्हा नऊचा. २० मार्च २०२० नंतर इथल्या शाळा बंद झाल्या, पण अत्यावश्यक कामावर जाणाऱ्यांच्या मुलांसाठी त्या उघड्या ठेवल्या होत्या. त्याच्या अख्ख्या शाळेत अकरा मुलं. मी कामावर गेले, तो शाळेत गेला.

अवघड होतं ते घरी आल्यावर. दोघांनी दोघांचंच तोंड बघायचं. १३ जूनपासून एकच मोठं माणूस असलेल्या घराला दुसऱ्या एका घराशी जोडून घ्यायची परवानगी मिळाली, त्याला सपोर्ट बबल म्हणत. त्याच संध्याकाळी आम्ही सांगलीच्या एका कुटुंबाकडे गेलो. त्या घरातल्या आजींनी मुलाला पोटाशी धरलं. बारा आठवड्यांत माझ्याशिवाय त्याला कोणी हात लावला नव्हता.

दोन वेण्या

मी पुरुष आहे, लिहू की नको असं होत होतं. बोरबनताईंचं वाचलं आणि लिहायला घेतलं.

पत्नी मे २०२१ मध्ये कोरोनाने गेली. मुलगी आठ वर्षांची. मी राज्य शासनाच्या एका कार्यालयात लिपिक, पुण्यात. डिसेंबरात तिचे वर्ग सुरू झाले. आई गेल्यावर शाळेत जायची तिची पहिलीच वेळ. रोज दोन वेण्या लागत. मी खुर्चीच्या पाठीला सुतळीचे तीन पेड बांधून रात्री वेणी घालायचा सराव करायचो. जमायला लागली, आणि तीन आठवड्यांत, जानेवारी २०२२ मध्ये, शाळा पुन्हा बंद.

किरकोळ रजा संपलेल्या. अर्जित रजा पत्नीच्या आजारपणात गेली. सकाळी मुलीला शेजारी सोडायचो. त्यांच्याकडे स्वतःची दोन मुलं ऑनलाइन शाळेला बसलेली, तिला जागा जिन्याच्या पायरीवर. एक दिवस दुपारी तिचा फोन आला, “बाबा, मी आज कुणाशीच बोलले नाही.” साडेतीन वाजले होते.

त्या दिवशी मी बालसंगोपन रजेचा अर्ज केला. आस्थापनेवर सांगण्यात आलं, ही बायकांची रजा आहे. मी २३ जुलै २०१८ चा शासन निर्णय छापून नेला. महिला कर्मचाऱ्यांबरोबर पत्नी हयात नसलेल्या पुरुष कर्मचाऱ्यालाही ती आहे, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, संपूर्ण सेवेत १८० दिवस. कागद तीनदा परत आला. चौथ्यांदा मंजूर झाला. आमच्या कार्यालयात अशी रजा घेणारा मी पहिला पुरुष. त्यानंतर तिघांनी माझ्याकडून अर्जाचा नमुना नेला.

सरकारी नोकरी नसलेल्यांसाठी: एक पालक असलेल्या मुलांकरिता महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना आहे. हल्ली दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज करा. बोरबनताई, तुम्ही केला आहे का? नसेल तर नक्की करा, कागदपत्रं मी सांगतो.

बोरबन

केला नव्हता दादा. सोमवारी जाते.

साधा प्रश्न

पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असलीच पाहिजे, प्रसूती लाभ कायद्यात २०१७ ला तशी दुरुस्ती झाली होती, आता तीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता आलं पाहिजे हेही त्यात आहे. आमच्या कंपनीत ४०० माणसं. पाळणाघर नाही. विचारलं तर, “आजवर कोणी मागितलंच नाही.” आम्ही नऊ जणींनी सह्या करून मागितलं. पाच महिन्यांनी जवळच्या एका पाळणाघराशी करार झाला.

पण तिथे घेतात सहा वर्षांपर्यंतचं मूल. माझा मुलगा आठचा. सहा वर्षांनंतर मूल शाळेत असतं, म्हणून त्याची सोय शाळा. आणि शाळा बंद असेल तेव्हा? पन्हळने लिहिलेलं ते रिकामं मोठं माणूस इथेही धरलेलंच आहे.

किल्लीवाला

मी पालक नाही. मी ते मूल.

२६ जुलै २००५. कलिन्यात राहायचो, मी सातवीत. बाबा आम्हाला सोडून गेलेले. आई फोर्टला नोकरीला. घराची किल्ली नाडीत ओवून माझ्या गळ्यात, शर्टाच्या आत. शाळा लवकर सोडली. घरी आलो, कुलूप काढलं, आणि तासाभरात पाणी उंबऱ्याच्या आत. आम्ही तळमजल्यावर. मी आधी गॅस सिलिंडर पलंगावर चढवायचा प्रयत्न केला, कारण आई नेहमी सिलिंडरची काळजी करायची. हलेना. मग वह्या वर टाकल्या. पाणी कमरेला लागलं तेव्हा वरच्या मजल्यावरचे चाचा खाली आले आणि माझी कॉलर धरून ओढून नेलं.

त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. हा आकडा मी पुढे वाचला आणि मग आईचं बोलणं कळलं. ती सांगायची, फोर्टला तसं काहीच नव्हतं रे, मला कळणार कसं? फोन लागत नव्हते. गाड्या थांबल्यावर ती चालत निघाली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पोचली. चप्पल हातात, पायाची नखं काळी. काही बोलली नाही. माझ्या गळ्यातली नाडी चाचपून बघितली आणि जिन्यातच खाली बसली.

ती आता सत्तरीला आली आहे. मोठा पाऊस लागला की मला ऑफिसात फोन करते, पोचलास का?

ओसरी

डोंबिवलीत बावीस वर्षं पाळणाघर चालवते. एरवी चौदा मुलं असतात, पावसाच्या सुट्टीला तेवीस होतात. पाऊस कितीही असो, मी शटर उघडते. मुगाची खिचडी मोठ्या पातेल्यात टाकते.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही ती लिहिते. माझ्याकडे दोन मदतनीस आहेत. त्यातली एक एकटीच आहे, दोन मुलांची आई. शाळा बंद झाली की तिच्याही मुलांची शाळा बंद होते. पहिल्या वर्षी ती त्यांना खोलीत कोंडून आली होती, मला संध्याकाळी कळलं. मला फार वाईट वाटलं, मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून अशा दिवशी तिची मुलं आधी येतात, मग बाकीची. घरी कामाला येणाऱ्या ताईंना त्या दिवशी जरूर विचारा.

पन्हळ

ओसरीताई, मी विचारलं नव्हतं कधी. आता विचारीन.

मागच्या पावसाळ्याचं सांगते. १८ ऑगस्ट २०२५ ला दुपारच्या सत्राला सुट्टी आणि १९ ला पूर्ण दिवस. आमची शाखा दोन्ही दिवस उघडी होती. पण आता बिल्डिंगमधल्या चार घरांनी आपसांत ठरवून घेतलंय. फ्रिजवर कागद आहे, कोणत्या वारी कोण घरून काम करतं त्याचा. १९ ला मंगळवार, दुसऱ्या मजल्याची पाळी. मुलाला तिथे सोडून मी वेळेत तिजोरी उघडली.

शिपाईमामांनी विचारलं, “आज आला नाही का तो?” मी म्हटलं, सोय झाली मामा. त्यांनी टेबलाचा खण ओढून दाखवला. वर्षभरापूर्वी त्याने पासबुकाच्या मशीनमधून निघालेल्या रद्दी कागदावर काढलेली बोट होती. आणि एक जोडी छोटे मोजे, घडी घालून ठेवलेले. त्या दिवशी वाळले आणि आम्ही विसरून गेलो होतो.