ओशा ३० चं कार्ड देतो म्हणते, पण शिकवणाऱ्या सरचं कार्ड कोणाले मागायचं?

वणीचा_फिटर

नमस्कार मंडळी, मी वणी तालुक्यातला. आयटीआय फिटर, दोन वर्षांचा ट्रेड, २०२१ पास. तेव्हापासून ठेकेदाराच्या हाताखाली शटडाउनची, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्तीची कामं करून रायलो, कधी कोळसा हाताळणीत कधी सिमेंट प्लांटमध्ये. आता सेफ्टी लाइनमध्ये जायचं मनात आहे.

एका इन्स्टिट्यूटमध्ये चौकशी केली. दहा दिवसांत ओशा ३० (अमेरिकेचा ३० तासांचा सेफ्टी क्लास), सोबत फायर सेफ्टी डिप्लोमा आणि वरून ट्रेन द ट्रेनर, म्हणजे शिकवणारा बनवायचा कोर्स, तिन्ही मिळून २२ हजार. ते सर म्हणे की कोर्स झाला की तू स्वतः ट्रेनर, गावाकडे बॅच घे, पोरांना सर्टिफिकेट दे. बाबा म्हणते कापूस विकला की देतो पैसे.

मले इथंच अडकल्यासारखं झालं. मागच्या उन्हाळ्यात शटडाउनमध्ये माह्या सोबतचा पोरगा कन्व्हेयर गॅलरीवरून १२ फुटांवरून खाली आला. हार्नेस (अंगाला बांधायचा सेफ्टी पट्टा) घातलेला होता, हूक पण लावलेला होता, पायाजवळच्या केबल ट्रेला, म्हणजे वायरी ठेवायच्या पत्र्याच्या पन्हाळीला. ट्रे उखडून त्याच्यासंगच खाली आला, पाय दोन ठिकाणी मोडला. त्या दिवशी सकाळीच आमची सगळ्यांची सेफ्टी ट्रेनिंग झाली होती, रजिस्टरवर सह्या झाल्या, हेल्मेटवर स्टिकर लागलं. शिकवणाऱ्यानं हूक कुठं लावायचा हे दाखवलंच नाही. म्हणून विचारतो, दहा दिवसांत मी ट्रेनर झालो अन मायं ऐकून कोणी वर चढला तर? हे कार्ड खरं असते का, आणि शिकवणारा खरा आहे हे कसं पाहायचं?

कोरपना_सेफ्टी

भाऊ प्रश्न एकदम बरोबर जागी विचारला. मी सिमेंट लाइनमध्ये १४ वर्षं सेफ्टीत आहे, जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच सांगतो.

ओशा म्हणजे अमेरिकेच्या कामगार खात्याची संस्था. त्यांचा आउटरीच प्रोग्राम १९७१ पासून आहे, त्यात १० तासांचा आणि ३० तासांचा असे दोन क्लास. हा त्यांच्या देशातल्या कामगारांसाठी बनवलेला प्रोग्राम आहे, आणि ओशा स्वतःच म्हणते की हे सर्टिफिकेशन नाही, धोके ओळखायची तोंडओळख आहे. खरं कार्ड त्यांच्या कामगार खात्याचं असते, त्यावर ट्रेनरचं नाव असते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी जे मिळते त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असते ओशा स्टँडर्डवर आधारित. ते त्या इन्स्टिट्यूटचं स्वतःचं सर्टिफिकेट झालं. त्यातून चांगलं शिकवलं तर शिकणं वाया जात नाही, पण त्याला ओशाचं कार्ड म्हणून २२ हजार घेणं हे चूक आहे.

आता ट्रेनरचं. तिकडे ३० तासांचा क्लास घ्यायचा तर ट्रेनरकडे आधी सेफ्टीचा पाच वर्षांचा अनुभव पाहिजे. मग कन्स्ट्रक्शनसाठी ५१० नंबरचा कोर्स, त्यानंतर ५००. कारखान्यांसाठी ५११ आणि ५०१. हे कोर्स ओशाने नेमलेल्या एज्युकेशन सेंटरमध्येच होतात आणि ट्रेनरचं कार्ड चारच वर्षं चालते, मुदत संपायच्या आत अपडेट कोर्स करून पुन्हा घ्यावं लागते. क्लास दिवसाला जास्तीत जास्त साडेसात तास, म्हणजे ३० तासांना किमान चार दिवस लागतातच. म्हणून कोणी दोन दिवसांत ओशा ३० देतो म्हटलं की तिथंच उठून यायचं. आणि विद्यार्थ्याला ३० तास बसवून थेट ट्रेनर करायची सोय त्या प्रोग्राममध्ये कुठेच नाही.

कागद पाहून झाला की सरांना एक प्रश्न विचार, तुझ्या मित्राचाच. १२ फुटांवर उभा आहे, हूक पायाच्या लेव्हलला आहे, पडलो तर हार्नेस वाचवेल का? हिशोब असा आहे. लॅनयार्ड म्हणजे हार्नेस ते हूक ही दोरी ६ फूट, ती पूर्ण ताणली जाते. झटका कमी करणारा घडीचा पट्टा, शॉक अब्सॉर्बर, उघडला की अजून साडेतीन फुटांपर्यंत. दोरी अडकवायच्या पाठीवरच्या कडीपासून, म्हणजे डी रिंगपासून, पायापर्यंत माणूस पाच फूट. झाले साडेचौदा. म्हणजे ट्रे उखडला नसता, पक्का राहिला असता, तरी तो पोरगा जमिनीला लागलाच असता. हूक नेहमी डोक्याच्या वर, बीमला किंवा लाइफलाइनला, केबल ट्रेला आणि पाइपला कधीच नाही. हा हिशोब ज्या सरांना फळ्यावर मांडता येत नाही त्यांच्याकडून उंचीवरचं काम शिकू नका, कार्ड कोणाचंही असू द्या.

गल्फ_रिटर्न_यवतमाळ

मी सहा वर्षं बाहेर होतो, रिगर म्हणून, जड माल उचलायला बांधायचं काम. तिथं काही साइटवर नेबोशचं सेफ्टी सर्टिफिकेट असलेल्यालाच सेफ्टी ऑफिसर घेत, तो इंग्लंडचा पेपर आहे, पाठ करून निघत नाही. मायासंगच्या एका पोरानं इकडून दहा-बारा सर्टिफिकेटची फाइल नेली होती, इंटरव्ह्यूत एवढंच विचारलं की टाकीत उतरायच्या आधी काय काय तपासशील. आत ऑक्सिजन किती पाहिजे तो आकडा सांगता आला नाही, तिथंच हेल्पर म्हणून लावला. घरचं कर्ज तर तेवढंच राहिलं ना. कापसाचा पैसा असा नका घालू भाऊ.

आयटीआय_मॅडम_वर्धा

मी शिकवते म्हणून शिकवणाऱ्यांच्या बाजूनं लिहिते. आम्हाला ट्रेड येतो म्हणून कोणी वर्गात उभं करत नाही, इन्स्ट्रक्टरसाठी सीआयटीएस म्हणून वर्षभराचं वेगळं ट्रेनिंग आहे, त्यात शिकवायचं कसं हेच शिकवतात. मुलाच्या हातात ग्राइंडर द्यायच्या आधी गार्ड काढून, व्हील ठोकून त्याचा आवाज ऐकवून, मग परत बसवून दाखवावं लागतं. चिरा गेलेलं व्हील बद्द वाजतं. पीपीटीवर हे कळत नाही.

आता तुझ्याबद्दल. कारखान्यातला कायद्याचा सेफ्टी ऑफिसर व्हायचं तर नुसत्या आयटीआयवर होत नाही बाळा. इंजिनीअरिंगचा डिप्लोमा, त्यावर कारखान्यात सुपरवायझर म्हणून पाच वर्षं, आणि मग सरकारमान्य इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा, हे सगळं लागतं. तो एमएसबीटीईचा, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा, एक वर्षाचा अॅडव्हान्स डिप्लोमा आहे, किंवा मुंबईला सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये होतो. आणि हो, नियमात हेही आहे की बहुतेक कामगार जी भाषा बोलतात ती त्याला आली पाहिजे. म्हणजे आपली मराठी ही सुद्धा तुझी पात्रताच आहे, कमी समजू नको. तुझा दोन वर्षांचा फिटर ट्रेड आहे तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशासाठी अर्ज करता येतो. त्या २२ हजारांचा विचार तिकडे कर.

हिंगणघाट_जिनिंग

मी शिकलेला नाही जास्त, ३० वर्षं जिनिंगमध्ये मेकॅनिक. आमच्याकडे पण दरवर्षी सीझनच्या तोंडावर ट्रेनिंगवाले येते. एक साल एक सर आले, टायवाले, अर्धं इंग्रजीत बोलले, फोटो काढले, आमाले कागद देऊन गेले. त्याच हंगामात डबल रोलर जिनमध्ये कापूस अडकला तर एका पोरानं पट्टा चालू असतानाच हात घातला, दोन बोटं गेली. त्याच्या खिशात तो कागद होता, मी स्वतः पाह्यला, रक्तानं भिजलेला. मशीन बंद कर, मेन स्विच खाली घे, कुलूप लाव अन चाबी आपल्या खिशात ठेव, एवढं कोणी त्याच्या हातानं करून घेतलं असतं तर बोटं राह्यली असती. आता नवीन पोरगा आला की मी पहिले तीन दिवस त्याच्याकडून कुलूपच लावून घेतो, दहादा, वीसदा. माह्याजवळ ट्रेनरचं काहीच कार्ड नाही. भाऊ तू कार्ड पहाच, पण तो माणूस कधी मशीनजवळ उभा राह्यला का हे पण इचार.

वणीचा_फिटर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल परत गेलो होतो. सरांना म्हटलं तुमचं ट्रेनर कार्ड दाखवा, तर मोबाइलमधे फोटो दाखवला, त्यावरची तारीख दोन वर्षांपूर्वीच संपलेली. म्हटलं हे तर संपलं, तर म्हणे ते फक्त फॉर्मॅलिटी असते. मग १२ फुटांचा प्रश्न विचारला. ते म्हणाले हार्नेस आयएसआय मार्कचा असला की झालं. मी उठून आलो, पैसे भरले नाही.

कोरपना भाऊ, तो साडेचौदाचा हिशोब मी वहीत चित्र काढून लिहिला अन मित्राकडे घेऊन गेलो, तो अजून काठी घेऊन चालते. बराच वेळ पाहत बसला, मग म्हणे म्हणजे माझी चूक नव्हती का रे, ठेकेदार तर सांगत होता हूक नीट नाही लावला म्हणून. मले काय बोलावं समजलं नाही.

मॅडम, पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी आयटीआयची कोणती मार्कशीट लागते? माही एनसीव्हीटीची (आयटीआयच्या केंद्रीय परिषदेची) ओरिजिनल ठेकेदाराकडे जमा आहे, तो देऊन नाही रायला.

आयटीआय_मॅडम_वर्धा

ओरिजिनल ठेवून घ्यायचा त्याला काही अधिकार नाही, आधी लेखी माग आणि अर्जाची एक प्रत सही घेऊन स्वतःजवळ ठेव. एनसीव्हीटीचं सर्टिफिकेट ऑनलाइन पण निघतं, तुझ्या आयटीआयमध्ये जाऊन रोल नंबर काढ. दहावीची मार्कशीट, लिव्हिंग आणि जातीचा दाखला लागत असेल तर तो आत्ताच काढून ठेव, जूनमध्ये तहसीलला फार गर्दी होते. आणि ती वही फेकू नको, मित्राच्या नुकसानभरपाईचं काही झालं नसेल तर त्यासाठी अर्ज करताना ते चित्र सोबत जोड.

कोरपना_सेफ्टी

चित्राचा फोटो इथं टाक भाऊ, मी मापं तपासून देतो. हूक ते जमीन नेमकं किती होतं ते तुझ्या मित्रालाच विचारून लिही, अंदाजानं नको.