सरासरी ट्रॅफिक कमी, तरी यूडीपी पॅकेट्स गळतात: रिसीव्ह बफरवर ताण कसा आणायचा?

नेटप्रेमी:
लिनक्स रिसीव्हर आहे. १ गिगाबिटचं कार्ड, आरएक्स रिंग (कार्डावर आलेल्या पॅकेट्सची रांग) २५६ ची, आरमेम_मॅक्स (सॉकेट बफर किती मागता येतो त्याची मर्यादा) २१२९९२ बाइट. आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) ने १४०० बाइटची पॅकेट्स ९०० मेगाबिटने तासभर सोडली, एकही ड्रॉप नाही. खऱ्या ॲप्लिकेशनला १०० बाइटची पॅकेट्स सरासरी ४० मेगाबिटने येतात आणि तिथे मात्र गळती आहे. चाचणीत हे पकडायचं कसं?

पॅकेटमोजणी:
आधी मेगाबिट विसरा, पॅकेट्स मोजा. तुमची चाचणी सेकंदाला सुमारे ८०,३५७ पॅकेट्सची होती, ॲप्लिकेशनला ५०,००० येतात. म्हणजे दोष संख्येत नाही. पॅकेट्स एकदम येतात का आणि वाचणारा मध्येच थांबतो का, हे तपासा.

सॉकेट बफर, म्हणजे ॲप्लिकेशन वाचेपर्यंत पॅकेट्स थांबतात ती जागा, पॅकेटच्या लांबीने भरत नाही, कर्नलने त्यासाठी अडवलेल्या मेमरीने भरतो. ड्रायव्हर २०४८ बाइटचा तुकडा देत असेल, तर १०० बाइटचं पॅकेटही हिशेबात २३०४ बाइट खातं. २१२९९२ मध्ये अशी जेमतेम ९२ बसतात. तुमच्या दराला ॲप्लिकेशन २ मिलिसेकंद अडकलं की बफर भरलाच. आयपर्फ३ वाचण्याशिवाय दुसरं काही करत नाही, म्हणून त्याच्यावर ही वेळ येत नाही.

गळती कुठे होते ते आधी ठरवा. ईथटूलच्या (कार्डाचे आकडे आणि सेटिंग्ज पाहायची कमांड) मोठ्या एस पर्यायात (-S) मिस्ड किंवा नो-बफर हे आकडे वाढत असतील तर रिंग. सॉफ्टनेट_स्टॅटमध्ये (कर्नलची पॅकेट्स हाताळण्याची आकडेवारी) दुसरा रकाना बॅकलॉगचे, म्हणजे कर्नलमधल्या रांगेचे ड्रॉप दाखवतो, तिसरा बजेट, म्हणजे एका फेरीत पॅकेट्स उचलण्याची मर्यादा, संपल्याचं सांगतो. आकडे हेक्समध्ये असतात, दर ओळ एका सीपीयूची. यूडीपीचा आरसीव्हीबफ-एरर्स (बफर भरल्यामुळे टाकलेल्या पॅकेट्सचा आकडा) वाढला तर सॉकेट. प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर नोंद घ्या, नुसत्या एकूण आकड्यावरून काही कळत नाही.

बर्स्टवाला:
आता ट्रॅफिकचे नमुने. पहिला: आयपर्फ३ मध्ये लांबी १०० आणि दर '४०एम/५००' द्या. सरासरी तीच राहते, पण पॅकेट्स ५००-५०० च्या बर्स्टने, म्हणजे एकदम गटाने सुटतात. पूर्ण लाइन रेटला असं एक पॅकेट १.३३ मायक्रोसेकंद घेतं, म्हणजे सॉफ्टआयआरक्यूला (रिंगमधून पॅकेट्स उचलणारं कर्नलचं काम) उशीर झाला तर २५६ ची रिंग ३४० मायक्रोसेकंदांत भरते. आयपर्फ३ प्रत्येक पॅकेटला सिस्टम कॉल करतो, त्यामुळे त्याचा बर्स्ट तितका घट्ट नसतो. घट्ट हवा असेल तर ट्रेक्स या ट्रॅफिक जनरेटरचा मल्टी-बर्स्ट वापरा.

दुसरा, आणि तुमच्यासाठी जास्त मोलाचा: ट्रॅफिक त्याच दराने पण बर्स्टविना, एकसारखा ठेवा आणि रिसीव्हर प्रोसेसला स्टॉप सिग्नल देऊन ०.२ सेकंदांनी कॉन्ट द्या. १०,००० पॅकेट्स साचतात, म्हणजे २३ एमबी लागतात. कर्नल एसओ_आरसीव्हीबफ (ॲप्लिकेशनने मागितलेला सॉकेट बफरचा आकार) दुप्पट करतो, म्हणून १२ एमबी मागा. पण आरमेम_मॅक्स आधी तेवढा वाढवा, नाहीतर मागणी गुपचूप कापली जाते.

तिसरा: कर्नलच्या पॅकेटजेनने (पॅकेट्स तयार करून सोडणारं मॉड्यूल) सलग ६४ बाइटच्या फ्रेम्स, सेकंदाला १४.८८ लाखांपर्यंत. पॅकेट साइझ ६० लिहा, सीआरसीचे (फ्रेमच्या शेवटी येणारी चूक-तपासणी) ४ बाइट त्यात धरत नाहीत. शेवटी मिश्र आकार, ६४, ५९४ आणि १५१८ बाइट ७:४:१ प्रमाणात.

नेटप्रेमी:
दुसऱ्या नमुन्यात आरसीव्हीबफ-एरर्स लगेच वाढला. रिंगही वाढवू का?

पॅकेटमोजणी:
रिंगचे ड्रॉप शून्य असतील तर नको, तिला हात लावून सॉकेटची गळती थांबत नाही. मात्र ते शून्य खरं आहे का, ते पाहा. फ्लो कंट्रोल चालू असेल तर कार्ड पॉज फ्रेम पाठवून सेंडरलाच थोपवतं, आणि चाचणीत रिंग उगाच निर्दोष दिसते. चाचणीपुरता तो ईथटूलने बंद ठेवा.

आणखी एक सापळा. सोर्स पोर्ट कितीही बदलले तरी अनेक ड्रायव्हर यूडीपीचा हॅश (पॅकेट कार्डाच्या कोणत्या क्यूवर जाईल ते ठरवणारा आकडा) फक्त आयपी पत्त्यांवर काढतात. मग सगळं एकाच क्यूवर पडतं आणि चाचणीत एकाच कोअरचा कस लागतो. आरएक्स-फ्लो-हॅश यूडीपी४ साठी 'एसडीएफएन' (पत्ते आणि पोर्ट दोन्ही धरा) करा आणि क्यूनिहाय आकडे खरंच विभागले जातात का ते बघा.