मदत हवी आहे: जपानमधलं जुनं घर, सौदा शेतावर अडकलाय

कोबेकर: शिमाने प्रांतातल्या खेड्यात जुनं लाकडी घर घेतोय. पैसे तयार, शुक्रवारी करार. आता दलाल म्हणतो, सोबतच्या शेताला कृषी समितीची परवानगी लागेल, थांबा. मला शेत नकोच आहे! नुसतं घर नावावर होईल का? लवकर सांगा.

सातबारा: गट किती? प्रत्येकाचा चिमोकु काय? म्हणजे जमिनीचा प्रकार हो, तोकिबो म्हणजे जमीन-नोंदवहीच्या उताऱ्यावर असतो. ताकुची म्हणजे घरजागा, ता म्हणजे भातखाचर, हाताके म्हणजे कोरडवाहू.

देवदार: कागद नंतर. आधी तातामी (जमिनीवरच्या गवती चटया) उचला, खालची फळी काढा आणि बॅटरी घेऊन आत बघा. वाळवी ओल्या जमिनीतून वर चढते. दगडावर टेकलेल्या खांबाच्या बुडाशी पेन्सिलीएवढ्या मातीच्या नळ्या दिसल्या, की तिथं स्क्रूड्रायव्हर टोचा. लोण्यात गेल्यासारखा गेला तर किमतीत घासाघीस करा.

कोबेकर: तीन गट. एक ताकुची, दोन हाताके.

सातबारा: मग शेतजमीन कायद्याचं कलम ३, म्हणजे शेत शेत म्हणूनच घ्यायची परवानगी. किमान ५० आरांची अट (आपल्या सातबाऱ्यावरचेच आर) १ एप्रिल २०२३ पासून गेली. पण काय पिकवणार, कोण राबणार, अवजारं कोणती हे लिहून द्यावं लागतं. "शेत नकोच" असं तिथं बोललात की अर्ज संपला. आणि परवानगीशिवाय शेताचा व्यवहारच कायद्यानं धरत नाही.

पुणेरी: एलआरएसमध्ये, म्हणजे भारतातून परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापतील, पण विवरणपत्रात वळता होतो.

कोबेकर: अहो, मी कोबेतच राहतो, पगार येनमध्ये.

कौलारू: दोन करार करा. घराचा आत्ता, शेताचा परवानगीच्या अटीवर. शेतावर तोवर कारितोकी, म्हणजे तात्पुरती नोंद. मालक मात्र कुरकुरेल, त्याला शेतच गळ्यातून काढायचं असतं.

सातबारा: थांबा. घराला कोठार असेल तर ते कुठल्या गटावर आहे? कोझु (गटांच्या हद्दींचा) नकाशा आणि हवाई फोटो शेजारी ठेवून बघा.

कोबेकर: बघितलं. कोठार आणि अर्धं अंगण हाताकेवर आहे. हे महत्त्वाचं आहे का?

सातबारा: तेच तर मुख्य! पिकत नाही ती जमीन शेत म्हणून कलम ३ खाली मिळणार नाही. मालकाला समितीकडून बिगरशेती दाखला काढायला लावा. कोठार किती वर्षं उभं आहे याचा पुरावा लागतो. कोकुदो चिरिइन या सरकारी नकाशा खात्याच्या संकेतस्थळावर जुने हवाई फोटो फुकट बघता येतात. किती वर्षं हवीत ते गावागणिक वेगळं. दाखला मिळाला की चिमोकु बदलायचा, मग त्या गटाला परवानगी नको. नाहीच मिळाला तर कलम ५, म्हणजे वापर बदलून विक्री.

देवदार: रस्ता पण बघा. ४ मीटरच्या रस्त्याला जागा २ मीटर भिडत नसेल तर पाडून पुन्हा बांधता येत नाही.

कौलारू: ते नगररचना क्षेत्रात. खेडं त्याबाहेर असेल तर ती अट नाही. उगाच घाबरवू नका.

देवदार: बाहेर आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?

कोबेकर: मग शुक्रवारचं काय करू?

सातबारा: करारात ओळ घालून घ्या: दाखला किंवा परवानगी नाही मिळाली तर करार रद्द, इसारा पूर्ण परत. दलाल नाही म्हणाला तर सही करू नका. दुसरा हाताके कोणत्या वापराखाली आहे, ते अजून सांगितलंच नाहीत तुम्ही.