शब्दचर्चा: घटसर्प म्हणजे नेमका कोणाचा?

परवा निफाडला जाऊबाईंकडे होते. गावच्या ग्रुपवर मेसेज आला, 'उद्या सकाळी ८ वाजता पारापाशी घटसर्पाची लस, सर्वांनी लाभ घ्यावा', झालं, जाऊबाई पोरीचं लसीचं कार्ड शोधायला लागल्या, टोपडं पण काढून ठेवलं. मेसेज म्हशींसाठी होता. पोर नेली असती तर तिथल्या लोकांनी परत पाठवली असती, पण मला उलट्या घोळाची जास्त भीती वाटते, म्हणजे घटसर्पाची लस गावात झाली म्हणून पोरीचाच डोस राहून गेला तर?

दोन्ही आजार पूर्ण वेगळे आहेत. माणसाचा घटसर्प म्हणजे डिप्थेरिया, घशात करडा पापुद्रा धरतो आणि जंतूचं विष हृदयापर्यंत जातं. गाईम्हशींचा घटसर्प पाश्चुरेला मल्टोसिडा नावाच्या जंतूने होतो, सडकून ताप, गळ्याखाली सूज, घरघर, आणि एकदोन दिवसात जनावर हातचं जातं. गोठ्यातला घटसर्प पोराला होऊन डिप्थेरिया होत नाही. पण दोन्हीकडे गळा आवळला जातो, जंतू कोणाला दिसत नव्हते तेव्हा जे डोळ्याला दिसलं त्यावरून नाव पडलं, त्यात जुन्या माणसांची काही चूक नाही.

मी नाशकात आरोग्याच्या पत्रकांचं मराठी करते. हल्ली माणूस, जनावर, पर्यावरण एकत्र धरून संशोधन चालतं, 'वन हेल्थ' म्हणतात, त्यामुळे एकाच पानावर दोन्ही घटसर्प येतात. कसं लिहावं?

प्रतिसाद:
ताई, आमच्या दिंडोरीकडे नुसतं घटसर्प कोणी बोलतच नाही, 'घटसर्प-फऱ्या' असं जोडीनेच बोलतात कारण दोन्ही लशी पावसाळ्याआधी देतात. फरा म्हणजे जनावराची मांडी, ती सुजून लंगडतं म्हणून फऱ्या. मेसेजमधे फऱ्या हा शब्द असता तर तुमच्या जाऊबाईंना लगेच कळलं असतं की गोठ्याचं आहे.

प्रतिसाद:
बरोबर, आणि माणसाच्या घटसर्पाची जोडी डांग्या खोकला आणि धनुर्वात, म्हणून तर तिन्हींची मिळून त्रिगुणी लस. पण याच्या उलट केस पण बघा. गुरांना 'फाशी' आणि माणसाला 'काळपुळी' ही नावं वेगळी, आजार एकच, अँथ्रॅक्स. इथे नावं वेगळी असल्याने जास्त धोका आहे. फाशीने मेलेलं जनावर फाडू नये, कातडं काढू नये, कारण त्यातूनच माणसाला काळपुळी होते आणि त्याचे बीजाणू मातीत कितीतरी वर्षं टिकतात. नुसतं फाशी वाचून माणसाला वाटतं गुरांचं दुखणं आहे, आपल्याला काय.

पुन्हा मी:
हे जोडीचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, खूप आभार. घटसर्प शब्द काढून नुसतं डिप्थेरिया लिहायला मन होत नाही, आजीपासूनच्या बायकांना तो कळतो. मग 'बाळाचा घटसर्प' आणि 'गाईम्हशींचा घटसर्प' असं मथळ्यातच लिहीन, सोबतीचे आजार लगेच पुढे. फाशी आणि काळपुळी मात्र प्रत्येक वेळी एकत्रच, 'गुरांची फाशी म्हणजेच माणसाची काळपुळी'.

आणि हो, पोरीचं कार्ड नीट बघितलं. 6 आणि 10 आठवड्यांचे पेंटाव्हॅलेंट (पाच आजारांची एकच लस, घटसर्पाची त्यातच येते) झालेत, 14 चा बुधवारी आहे. कार्डावर पेन्सिलने 'बाळाचा घटसर्प' लिहून ठेवलंय.